कोऱ्या नळीतली रेघ

बसा. पण तो वरचा दिवा घालवा आधी, किडे यायला लागलेत. व्हरांड्यातला राहू दे, तेवढा पुरे.

मघाशी जेवताना तू विचारलंस ना, रक्ताचा रिपोर्ट खोटा येऊ शकतो का म्हणून? आणि तुझी मामी म्हणाली, मशीन कशाला खोटं बोलेल. बरोबर आहे तिचं. मशीन खोटं बोलत नाही. पण तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं ते मी गिळलं, कारण मामीसमोर हा विषय निघत नाही. तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा नवरा पडला तो. माझा साडू. तुम्ही त्याला ओळखता. ही त्याचीच गोष्ट, आणि त्याने मला स्वतः सांगितलेली. झोपली का मामी? बघ जरा. झोपली? मग ऐका. आणि उद्या त्याला विचारायला जाऊ नका. चहा देईल, बिस्किटं देईल, बोलणार नाही.

साडू हा पहिल्यापासून संशयी. दूध घेतलं की आधी बोटावर थेंब धरून बघणार. आमच्याकडे जेवायला आला की ताटावर बसण्याआधी विचारणार, भाजी आजचीच ना? घराला कुलूप लावून निघाला की कोपऱ्यावरून परत येऊन एकदा ओढून बघणार. त्याची बायको म्हणायची, माझ्याशी लग्न तरी कसं केलं यांनी, मला कुठे ओढून बघता आलं होतं. आम्ही हसायचो. पण गंमत अशी, की याच स्वभावावर त्याचं पोट चाललं होतं.

तो एका मोठ्या लॅबमध्ये होता. रात्रपाळीचा मुख्य. तिथे एक मशीन होतं, मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. या खोलीच्या निम्म्याएवढं धूड, आणि काम काय, तर वजन करायचं. कशाचं? रक्तातल्या हार्मोनचं. इतक्या बारीक कणांचं, की मिठाचा खडा त्यांच्यापुढे डोंगर. प्रत्येक हार्मोनचं वजन ठरलेलं. ते सापडलं, की स्क्रीनवरची सपाट रेघ त्या जागी वर चढते आणि पुन्हा खाली येते. जितकं उंच टोक, तितकं हार्मोन जास्त. एवढंच.

त्यातलं एक, कॉर्टिसॉल. माणूस आजारी पडला, घाबरला, कशाशी झुंजायला लागला, की शरीर ते सोडतं. त्याच्या जोरावर आपण दुखणं रेटून नेतो. ते जास्त झालं तर त्रास देतंच. पण अजिबात नसलं तर साधा तापही माणसाला घेऊन जातो.

आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या, म्हणजे पुढचं कळेल. रुग्णांच्या नळ्यांमध्ये अधूनमधून एक कोरी नळी लावतात. बाकी सगळी द्रव्यं तीच, तेवढीच, फक्त तिच्यात रक्ताचा थेंब नाही. माणूस नाही. मशीन स्वच्छ आहे ना, एकाचं दुसऱ्याला चिकटत नाही ना, हे बघायला. कोऱ्या नळीची रेघ सपाटच यायला हवी.

रात्री त्याच्या हाताखाली एक मुलगी होती. नळ्या तयार करून द्यायची. कामाला लागून दोन वर्षं झाली तरी सगळे तिला 'नवी'च म्हणत. घरात कमावती ती एकटी, वडील अंथरुणाला खिळलेले. कामाला चोख. पण साडूचा तिच्यावर विश्वास होता का? अरे, त्याचा स्वतःच्या घड्याळावर नव्हता.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार होता तो. रात्रीचे दहा वाजून गेले होते. नमुने आणणाऱ्या माणसाची मोटरसायकल बंद पडली, म्हणून साडू स्वतःच स्कूटर काढून निघाला. पलीकडच्या हॉस्पिटलातून एकच नळी आणायची होती. साधं काम. रस्ता मोकळा, हवा गार. गुणगुणत गेला, असं म्हणाला मला.

वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई होती. शाळेत शिकवायची. शेजारी तिचा भाऊ बसलेला, त्याने सांगितलं, कित्येक महिने वजन उतरतंय, उठून बसली की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि उन्हात न जाताच रंग काळवंडलाय. आता ताप आला आणि एकदम खालावली. डॉक्टरांना काही उमगत नव्हतं. त्यातल्या एका तरुण डॉक्टरला शंका आली, म्हणून ही तपासणी.

सिस्टरने नळी डब्यात ठेवून दिली. साडू वळला, तेवढ्यात बाई हळूच म्हणाली, "लॅबमधून आलात ना? कधी कळेल?"

"आज रात्रीच. आल्याबरोबर फोन करतो आम्ही वॉर्डात."

"मग मी जागी राहते," ती म्हणाली.

साडू म्हणाला, राहा. म्हणजे, अहो, झोपा, कशाला जागता, असं म्हणायचं होतं त्याला. पण तोंडातून 'राहा' निघून गेलं.

परत आला. नवीने नळी फिरवून रक्त खाली बसवलं, वरचं पाणी काढलं, त्यातून जे हवं ते वेगळं केलं. हे सगळं झालं की उरतं ते पाण्यासारखंच दिसतं. कोऱ्या नळीसारखंच. दोन्ही शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही. मशीनने सुई बुडवली, ओढून घेतलं. दोघं स्क्रीनकडे बघत उभे.

रेघ सपाट. कॉर्टिसॉलच्या जागी टेंगूळसुद्धा नाही.

नवी म्हणाली, "सर, शून्य आलंय. वॉर्डला फोन करते."

साडूच्या मनात पाल चुकचुकली. "शून्य येतं का कधी माणसात? तू तिच्या जागी कोरी लावलीस."

"नाही लावली, सर. मी बघून लावली."

"सगळे बघूनच लावतात."

"सर, त्या बाई आजारी आहेत. तुम्हीच सांगितलंत ना, उठवत नाही म्हणून. हेच असेल तर? एका इंजेक्शनचं काम आहे."

"आणि हे नसेल तर? चुकीचा रिपोर्ट देऊन मारायचंय का तिला? आज तुझ्या हातून पुन्हा नको, सकाळच्या पाळीत लावतील. तोवर इथून काही जायचं नाही."

नवीने तरी फोन उचलला. टेबलावरचा, वायरचा. ती आकडे दाबायला लागली. साडूने पुढे होऊन बोटाने रिसिव्हरखालचा खटका दाबला आणि तसाच धरून ठेवला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने रिसिव्हर जागेवर ठेवला आणि हातमोजे काढायला गेली.

सकाळच्या पाळीने नळी पुन्हा लावली. पुन्हा शून्य. त्यांनी वॉर्डला फोन केला तेव्हा सिस्टर म्हणाली, कुणाचं म्हणालात? ती खाट रिकामी झाली. पहाटेच.

कुणी साडूला बोल लावला नाही. शंका आली तर पुन्हा तपासावं, असा नियमच आहे तिथे. बाहेर कुणाला काही कळलंही नाही. साडू घरी आला, आंघोळ केली, जेवला, झोपला. नंतर मला म्हणाला, भाऊ, मी नियमानेच वागलो होतो. असं तो मला बरेचदा म्हणाला. न विचारता.

नवी काहीच बोलली नाही. ना त्या दिवशी, ना नंतर. सर म्हणायची, नळ्या द्यायची, घरी जायची. आता तुम्ही मला सांगा, माणूस आपल्याला चार शब्द सुनावतो तेव्हा बरं वाटतं की गप्प राहतो तेव्हा? साडूला ते गप्प राहणं खुपायला लागलं. त्याला वाटायला लागलं, ही मनात काहीतरी धरून आहे. ही डाव टाकणार.

आणि मग कोऱ्या नळीत टोक आलं.

पहिल्यांदा अगदी बारीक. कॉर्टिसॉलच्या जागी रेघ जराशी उचलली गेली, इतकंच. साडूने मशीन धुऊन घेतलं. दुसऱ्या रात्री पुन्हा. थोडं मोठं. आतली नळकांडी बदलली, द्रव्यं बदलली, दुरुस्तीवाला बोलावला. त्याने मशीन उघडून पाहिलं आणि म्हणाला, तुमचं मशीन ठणठणीत आहे, तुमच्या नळीतच काहीतरी आहे.

झालं. नळ्या कोण तयार करतं? नवी.

त्यापुढे साडूने जे केलं ते त्याचं त्यालाच शोभतं. बाटल्यांच्या बुचावर चिकटपट्टी लावून त्यावर सही करायचा. नवी आत असली की काचेच्या दाराआडून बघत उभा राहायचा. तिच्या टोपल्यातला कचरा उलटा करून बघायचा. घरी आला तरी तेच. माझी मेहुणी म्हणाली, रात्री झोपेत बडबडतात, ती आपलंच रक्त टाकते, ती आपलंच टाकते. मेहुणी मला विचारते, भावजी, कोण ही? मी काय सांगणार? तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

टोक वाढत होतं. कोऱ्या नळीत. मग एक दिवस असा आला, की ते एखाद्या धडधाकट माणसाइतकं झालं. म्हणजे त्या पाण्याचा रिपोर्ट पाठवला असता तर डॉक्टर म्हणाले असते, प्रकृती उत्तम आहे.

साडू मोठ्या मॅडमकडे गेला. त्या लॅबच्या प्रमुख. नवीला बोलावलं. साडूने सरळ आरोप केला. मुद्दाम करते, माझी नोकरी घालवायला करते. मॅडमनी विचारलं, "तू करतेस का हे?"

नवी म्हणाली, "नाही, मॅडम. पण सरांना पटणार नाही. मला आज रात्री घरी पाठवा. सरांना एकट्यांना बघू दे."

"आणि मग काही आलं नाही तर?"

"मग उद्या मला काढून टाका."

ती गेली. ओढणी सारखी करत, मागे न बघता. साडू मला म्हणाला, भाऊ, खरं सांगतो, त्या रात्री मी खूश होतो. म्हटलं, चोर सापडला.

तर ती रात्र. डिसेंबर लागला होता. बुधवार. संध्याकाळपासून धुकं, रस्त्यावरचे दिवे नुसते पिवळे डाग. अकराच्या सुमारास साडूने मशीनच्या खोलीचं दार आतून लावलं. ओढून बघितलं. हो, बघणारच. खिडक्या नव्हत्याच त्या खोलीला. मशीनच्या पंपाची घरघर तेवढी. ती चोवीस तास चालू असते, ती ऐकू येईनाशी होते माणसाला.

त्याने द्रव्याची न फोडलेली बाटली घेतली. कारखान्यातून आलेली, सील असलेली. स्वतः फोडली. स्वतःच्या हाताने कोरी नळी भरली. लावली. खुर्ची ओढून बसला.

सुई खाली गेली. वर आली.

रेघ सपाट चालली होती. सपाट... सपाट... आणि साडूने मांडीवर थाप मारली. म्हणाला, बघ.

तेवढ्यात रेघ उठली.

उठत गेली. कालच्याहून वर. मग खाली आली, आणि पुन्हा सपाट. जणू काही झालंच नाही.

साडू म्हणाला, बाटली खराब असेल. दुसरी फोडली. दुसरी नळी. तेच. पण आणखी वर. आता ते धडधाकट माणसाचं टोक राहिलं नव्हतं. मी विचारलं त्याला, मग कुणाचं? तो म्हणाला, अतिदक्षता विभागातल्या लोकांचं येतं तसं. जे झुंजतायत त्यांचं.

म्हणजे कोऱ्या नळीत कुणीतरी झुंजत होतं.

त्याने आपले हात बघितले. वाटलं, माझाच घाम पडत असेल. मोजे बदलले. दुहेरी घातले. मग वाटलं, नळीच नको. मशीनला सांगितलं, या रिकाम्या खणातून घे. जिथे नळी ठेवलेलीच नाही तिथून.

मशीनला काय, सांगितलं ते करतं.

सुई सरकली. रिकाम्या खणावर आली. खाली गेली. हवेत. आणि थांबली.

नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली.

मग वर आली. आणि तिच्या टोकाला... एक थेंब होता.

साडू उठून उभा राहिला. खणात वाकून बघितलं. कोरडा. बोट फिरवलं. कोरडा.

स्क्रीनवर रेघ निघाली. सपाट...

त्याला वाटलं, डोळे मिटावेत. मिटले नाहीत.

रेघ उठली. वर. आणखी वर. स्क्रीनच्या वरच्या कडेला टेकली आणि... खाली येईना. तिथेच राहिली. वरच्या वर. तो म्हणाला, इतकं माणसात येत नाही, भाऊ. इतकं कुणी भीत नाही. इतकी वाट कुणी बघत नाही.

आणि 'वाट' म्हणाला तसा तो माझ्यासमोर एकदम गप्प झाला. तेव्हाही तसंच झालं असणार. खोलीत. त्याला आठवलं. मग मी जागी राहते.

पंप बंद पडला होता. कधी पडला, कळलं नाही. घरघर थांबली की कळतं ती होती म्हणून. पंप बंद म्हणजे मशीन बंद... तरी रेघ वरच.

साडू टेबलाकडे गेला. फोन उचलला. तोच. वॉर्डचा नंबर लावला.

पलीकडे लगेच उचलला गेला.

"हॅलो, सिस्टर... लॅबमधून बोलतोय. खिडकीजवळच्या खाटेवरच्या बाई... शाळेतल्या... त्यांचा रिपोर्ट."

त्याला वाटलं होतं, विचारतील, कोण बाई? म्हणतील, ती खाट तर केव्हाच... पण पलीकडची सिस्टर अगदी सहज म्हणाली, "हां, थांबा हं. त्या जाग्याच आहेत. देते."

रिसिव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

मग काही नाही.

मग सपाता. फरशीवर ओढत. लांबून. एक... थांबून दुसरी. उठून चालवत नाही अशा माणसाच्या...

जवळ आल्या.

थांबल्या.

रिसिव्हर उचलला गेला. कुणी बोललं नाही. श्वास होता. किंवा धुक्यामुळे लाईनीत खरखर होती... तो म्हणतो, श्वास होता.

साडूने रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला. तो म्हणाला, "बाई... तुमचं शून्य आलंय. त्याच रात्री आलं होतं. तिने सांगितलं होतं मला. मी... मी खटका दाबला."

पलीकडे...

काही नाही.

मग फोन हलकेच ठेवला गेला. आपटला नाही. हलकेच.

त्याने वळून बघितलं. स्क्रीनवरची रेघ खाली आली होती. पंप चालू होता.

सकाळी मोठ्या मॅडम येईपर्यंत तो दारात बसून होता. त्यांना सगळं सांगितलं. म्हणजे फोनचं आणि खटक्याचं. सपातांचं नाही. म्हणाला, मुलीचा काही दोष नाही, तिला परत बोलवा, आणि मला मोकळं करा. मॅडमनी थांबवायचा प्रयत्न केला. तो थांबला नाही. त्या दिवसापासून कोरी नळी कोरीच येते तिथे. नवी आता त्याच्या जागेवर आहे, हे मला पक्कं माहीत आहे.

लॅबमधून निघाला तो घरी न जाता नवीच्या घरी गेला. दोन खोल्यांचं घर. आत वडील खोकत होते. तिने दार उघडलं, चेहरा बघितला आणि बाजूला झाली. साडू उंबऱ्यातूनच म्हणाला, "तू बरोबर होतीस. मी तुझ्यावर नको ते आळ घेतले. सांगायला आलो."

तिने मागे वळून आतलं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "सर, त्या रात्री माझा मोबाईल माझ्या खिशात होता."

साडूला आधी कळलं नाही.

"तुम्ही तो फोन दाबून धरलात. पण माझा खिशात होता. मी हात धुवायला बाहेर गेले. तिथून करता आला असता. नंबर पाठ होता मला." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "तुम्ही रागवाल, नोकरी जाईल, म्हणून नाही केला. मी कुणावर चिडून गप्प होते, सर? तुमच्यावर नव्हते."

आतून वडिलांनी विचारलं, कोण आहे गं? ती म्हणाली, कामावरचे आहेत, बाबा.

साडूला घेरी आल्यासारखं झालं. तिने त्याला मोरीवर नेलं, तोंडावर पाणी मारा म्हणाली. त्याने रात्रभर अंगात असलेला लॅबचा कोट आत्ता कुठे काढला. शर्टाच्या बाह्या वर सारल्या. पाणी घेतलं.

नवी टॉवेल घेऊन आली आणि थांबली.

"सर, रक्त कधी दिलंत?"

"कसलं रक्त?"

तिने बोट दाखवलं.

डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला, शिरेवर, सुईचं भोक होतं. सरळ, नेटकं, सरावलेल्या हाताने टोचलेलं. त्यावर कापसाचा बोळा, आणि बोळ्यावर पट्टी. कोटाच्या बाहीच्या आत, शर्टाच्या बाहीच्याही आत.

पट्टी त्याने तिथेच काढली. कापूस टाकला. रक्त येत नव्हतं, पण भोक मिटलं नव्हतं.

मला त्याने हे सांगितलं त्याला आता सात-आठ वर्षं होतील, आणि तेव्हाच त्या रात्रीला वर्ष उलटलं होतं. मी काही सगळंच मानणारा माणूस नाही. म्हटलं, दाखव. त्याने बाही सारली. बघितलं मी. या दिव्याएवढाच उजेड होता, पण नीट बघितलं.

ताजं होतं. आत्ताच सुई काढल्यासारखं.

त्याच्या कडेला, मी बघत होतो तेवढ्यात, एक थेंब आला... आणि कुणीतरी ओढून घ्यावा तसा आत गेला.